दुसरा पाय

माझ्या सासऱ्यांना, सूर्यकांतरावांना, बुटांचं वेड आहे, असं मी सोळा वर्षं कॅनडातल्या आमच्या सगळ्या व्हिटबी गावाला सांगत आले. थंडीत दर रविवारी ते बेसमेंटच्या जिन्यापाशी बसतात आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठानं पांढरे झालेले आमचे बूट पॉलिश करतात. तेही पायात असतानाच. एक झाला की स्वतः ठोकून केलेल्या लाकडी पेटीवर ब्रशनं दोनदा टकटक करतात, आणि माझी मुलगी सलोनी दुसरा पाय पुढे करते. मला तो म्हातारपणचा चाळा वाटायचा.

आम्हाला वेड होतं ते वेगळ्याच गोष्टीचं: सासरे, म्हणजे आमचे बाबा, नागपूर स्टेशनवर पेपर विकून शिकले, इंजिनियर झाले. मराठी मंडळात मी ती तिखटमीठ लावून सांगायची. बाबा तेव्हा उठून पाणी प्यायला जायचे. मी म्हणायची, किती हा विनय!

पंचाहत्तरीला मी त्यांच्यासाठी जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक चित्र आणलं. शंभरेक वर्षांपूर्वीचा रस्ता, पायरीवर हसणारी दोन पोरं. एकाच्या काखेत पेपर, दुसऱ्यापुढे पॉलिशची पेटी. गाल गुलाबी, चड्डीची ठिगळंसुद्धा नेटकी. दारासमोर टांगलं आणि म्हटलं, "बाबा, हा पेपरवाला म्हणजे तुम्ही. किती क्यूट आहे ना?"

ते जवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. मग दुसऱ्या पोरावर बोट ठेवलं.

"मी हा."

थट्टा करताहेत असं वाटून मी हसले.

"पेपर माझा मित्र विकायचा. लग्न ठरताना त्याचंच माझं म्हणून सांगितलं. तुझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत तेच ठाऊक होतं." ते परत चित्राकडे वळले. "याचे हात बघ, अनुया. स्वच्छ आहेत. माझी नखं नोकरी लागली तरी काळी होती."

ज्याची त्यांना आयुष्यभर लाज वाटली, ते झाकणारं खोटं मी माईकवरून सांगत होते, टाळ्या घेत होते. मी टकटकीचं विचारलं.

"गिऱ्हाईकाशी बोलायची सोय नव्हती. ठोकलं की ते पाय बदलायचं."

रविवारी बाबा नेहमीसारखे पेटी घेऊन बसले आणि सवयीनं मीही पाय ठेवला. एक बूट चकचकीत झाला. त्यांनी दोनदा ठोकलं.

माझा दुसरा पाय काही पुढे होईना. बाबांनी मान वर न करता पुन्हा ठोकलं.