कुंकवाचं बोट

बाबांचा अल्बम उघडला की जुन्या पुठ्ठ्याचा वास येतो. काल तो आला आणि मी थेट इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या चर्च हॉलमध्ये पोचले, वीसेक वर्षांपूर्वीच्या संग्राहकांच्या मेळाव्यात. तेव्हा मी चौदा वर्षांची होते.

बाबा अमेरिकेच्या माजी अध्यक्षांना आणि त्यांच्या सल्लागारांना हाताने पत्रं लिहून सही केलेले फोटो मागवायचे. त्या दिवशी टेबलावर एका अध्यक्षांचा फोटो होता, आठ महिने वाट पाहून आलेला. घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूसारखा आईने तो आधी देवापुढे ठेवला होता आणि कोपऱ्यात ओल्या कुंकवाचं बोट लावलं होतं.

शेजारच्या टेबलावरच्या इंग्रज आजोबांनी भिंग धरून पाहिलं. "सही अस्सल आहे, पण या डागाने फोटो वाया गेला," ते म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई पुटपुटली, "अहो, चुकलंच माझं."

बाबांनी फोटो उचलला आणि आजोबांना शांतपणे इंग्रजीत सांगितलं, "डाग नाही तो. खाली अध्यक्षांची सही आहे, वर माझ्या बायकोची." मग आईकडे वळून मराठीत म्हणाले, "पुढचा आला की जरा ठळक लाव."

त्यानंतरच्या प्रत्येक फोटोवर, अध्यक्ष असो की सल्लागार, आईचं बोट आहे. आता कुणाला अल्बम दाखवताना मी आधी त्या लाल कोपऱ्याकडे बोट दाखवते, सहीकडे नंतर.