चार मशीनचा तोटा

"डायलिसिस बंद करायचं, कुलकर्णी मॅडम. तुम्ही आकड्यांचा कागद तयार करा, म्हंजे मशीन विकायला मी मोकळा."

डॉक्टर साळुंके हे म्हणाले, तेव्हा त्यांच्या टेबलावर माझाच रिपोर्ट उघडा होता. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. चाळीस खाटांचं खासगी हॉस्पिटल. डॉक्टर मालक आणि सर्जनही. पैठणकडच्या शेतकरी घरातला माणूस. आवाज मोठा, पण स्टाफमधल्या कुणाचं लग्न असलं की मांडवात सगळ्यांच्या आधी हजर. मी तिथं फीवर काम करणारी, बाहेरची कॉस्ट अकाउंटंट. एक ऑपरेशन, एक बाळंतपण किंवा एक डायलिसिस हॉस्पिटलला कितीला पडतं, ते काढणं हे माझं काम.

रिपोर्टप्रमाणे डायलिसिसची चार मशीन दर महिन्याला मोठा तोटा देत होती.

"पेशंट कुठं जातील?" मी विचारलं.

"त्याचाच विचार करून दोन वर्षं ओढलं, मॅडम. आता लई झालं."

कागदासाठी महिन्याच्या पेशंटची संख्या हवी होती. म्हणून मी वरच्या मजल्यावर डायलिसिसमध्ये गेले. शकुंतला सिस्टर तिथल्या इन-चार्ज. त्यांना बातमी आधीच लागली होती.

"बंद करायचा कागद करायला आलात, व्हय?" एवढं बोलून त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं आणि पाठ फिरवली.

मशीनला लावलेले एक गृहस्थ आमच्याकडं बघत होते. विठ्ठलराव. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. आठवड्यातून दोनदा पैठणहून बसनं यायचे, चार तास मशीनवर पडून राहायचे आणि संध्याकाळी परत जायचे. उशाशी घरचा डबा. मी रजिस्टर चाळत होते. त्यांचं नाव एकाच महिन्यात आठ वेळा दिसलं. आठही वेळा नवा केसपेपर, नवी ॲडमिशन.

"तुम्ही आठ वेळा ॲडमिट?" मी सहज विचारलं.

"दर खेपेला नवा कागद करतेत, बाई. आम्ही काय म्हणावं?"

"जेवण इथलं घेता का?"

"नाय नाय. आमचं पथ्य. घरून आणतो."

माझा हात रजिस्टरवर थांबला. सगळा घोळ तिथंच होता, आणि तो घालणारी मी होते.

सांगते. हॉस्पिटलचे काही खर्च कुणा एका पेशंटचे नसतात. लाँड्री, स्वयंपाकघर, वॉचमन, ऑफिस. आम्ही त्यांना ओव्हरहेड म्हणतो. ते सगळ्या विभागांवर वाटावे लागतात, आणि कशाच्या आधारावर वाटायचे ते ठरवावं लागतं. मी सहा वर्षांपूर्वी ॲडमिशनच्या संख्येवर वाटणी बसवली होती. तेव्हा डायलिसिस नव्हतं. प्रत्येक पेशंट चार-पाच दिवस राहायचा, त्यामुळं ते चालून गेलं. पुढं डायलिसिस आलं आणि वाटणी तीच राहिली. पित्ताशयाच्या ऑपरेशनचा पेशंट पाच दिवस राहून एक ॲडमिशन. विठ्ठलराव महिन्याला बत्तीस तास येऊन आठ. जेवणाच्या खर्चातले आठ हिस्से त्यांच्या विभागावर, आणि इथं ते घरची भाकरी खात होते.

विठ्ठलरावांना मी थोडक्यात सांगितलं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

ते म्हणाले, "म्हंजे वाटेत चितेगावला उतरणाऱ्याकडून तुम्ही पैठणपर्यंतचं तिकीट घेतलं. आम्ही असं केलं असतं तर साहेबानं मेमो दिला असता."

सिस्टर पाठमोऱ्या हसल्या.

पुढचे पंधरा दिवस मी मोजमाप केलं. लाँड्रीत हबीबचाचांनी प्रत्येक विभागाचं गाठोडं वेगळं वजन केलं. ऑपरेशन थिएटरचे गाऊन आणि चादरी काट्यावर आल्या की काटा खाली बसायचा. "मैडम, मेरे कू पैलेच पूछते तो बोल देता," चाचा म्हणाले, "डायलिसिसवालों की तो चारच चादरां आतीं."

हे मी सिस्टरांना आनंदानं सांगायला गेले. त्या गंभीर झाल्या.

"मॅडम, मग पाण्याचंबी लिवा. मशीनला शुद्ध पाणी लई लागतं. त्या प्लँटची लाइट आतापर्यंत सगळ्यांच्या बिलात जात व्हती."

"सिस्टर, त्यानं तुमचा तोटा वाढेल."

"वाढू द्या. खरं ते लिवा."

मी लिहिलं. स्वतःच्याच विभागावर खर्च चढवायला सांगणारी व्यक्ती मला या कामात तेवढी एकच भेटली.

नवा तक्ता घेऊन मी डॉक्टरांपुढं बसले. डायलिसिसचा तोटा होताच, पण आधीच्या चौथ्या हिश्श्याएवढा. उरलेला तोटा खरं तर इतर विभागांचा खर्च होता, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा ऑपरेशन थिएटरचा.

डॉक्टरांनी तक्ता दोनदा वाचला. "म्हंजे माझ्या थिएटरचे कपडे डायलिसिसच्या पैशानं धुतले जात होते?"

"हो."

"ही वाटणी बसवली कुणी?"

"मी. डायलिसिस सुरू झालं तेव्हाच बदलायला हवी होती. माझ्या लक्षात आलं नाही."

त्यांनी तक्ता बाजूला सारला.

"मला वाटलं मी लोकांसाठी तोटा सोसतोय," ते म्हणाले. "दोन वर्षं मोठेपणा मिरवला की, मॅडम." आणि ते इतक्या जोरात हसले की रिसेप्शनिस्ट डोकावून गेली. "एवढा तोटा मला परवडतो. मशीन ऱ्हाऊ द्या."

त्याच आठवड्यात त्यांनी थिएटरमध्ये गरज नसताना उघडले जाणारे गाऊनचे पॅक बंद केले. पहिला ओरडा त्यांनी स्वतःच्याच असिस्टंटला दिला. डायलिसिसच्या पेशंटना महिन्याला एकच केसपेपर सुरू झाला. वर्षाच्या आत पाचवं मशीन आलं.

त्या महिन्याची निम्मीच फी घेईन, असं मी डॉक्टरांना सांगितलं होतं. त्यांनी पूर्ण दिली, आणि वर रिपोर्टची फाइल माझ्या अंगावर जवळजवळ फेकत म्हणाले, "पुढच्या वेळी आधी वरच्या मजल्यावर जा. मग लिहा."

तेव्हापासून कुठल्याही हॉस्पिटलात नवा विभाग उघडला की मी जुनी वाटणी पहिल्यापासून तपासते. त्यात तीन दिवस जातात. फी वाढवून मिळत नाही.