नान्नजच्या माळावर बैल थांबले तेव्हा

भूतखेत, दृष्टान्त, शकुन यांपैकी कशावरही माझा कधीच विश्वास नव्हता. अमावास्येला मी मुद्दाम प्रवासाला निघत असे. (दोनदा निघालो, एकदा गाडीच रद्द झाली.) तरीही हे लिहितोय...

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ सुधाकर प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला आणि माळढोक पक्ष्याच्या नादी लागला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर हा पक्षी राखायचं सरकारच्या मनात होतं. वडिलांनी मात्र कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये शब्द टाकला होता. “पक्षी बघायचा पगार कोण देतं रे?” एवढंच ते विचारत. पाहणीला येणाऱ्या वनखात्याच्या साहेबांनी सुधाकरला घेतलं नाही, तर सोमवारी तो कुर्डुवाडीला जाणार होता. काय ठरतं ते बघायला वडिलांनी मला सोबत धाडलं.

माळढोक जीपला बुजतो, बैलगाडीला नाही. म्हणून श्रावणातल्या भर दुपारी साहेब, सुधाकर आणि मी गाडीवान तायप्पाच्या गाडीत बसलो. साहेब सुरू झाले — “या क्षेत्रात वाटा किती आहेत बघा. संशोधन आहे, फोटोग्राफी आहे, शाळांतून व्याख्यानं, संग्रहालयासाठी पक्ष्यांत पेंढा भरणं...”

“यातल्या कशाला जागा आहे, सर?” सुधाकरनं विचारलं.

“जागा अजून मंजूर नाही.”

“वाटा लई, गाडी एकच की,” तायप्पा मागं न वळता म्हणाला.

तेवढ्यात अगदी कानाजवळ कुणीतरी म्हणालं, “हो... हितं थांब की.” बाईचा आवाज. बैल जागीच थांबले.

“कोण बोललं?” साहेब.

“मला वाटलं तुमीच.”

“मी बाईच्या आवाजात बोलतो का?”

“सायबांचं काय सांगावं. म्या तर कासरा वढला न्हाय.”

चौघांनीही ऐकलं होतं. भोवती गुडघाभर गवत, नजर पोचेल तिथवर ना माणूस, ना झाड.

सुधाकर उतरला आणि तिथंच खाली बसला. बैलाच्या खुरापुढं हातभर अंतरावर, उघड्या जमिनीवर, एक मातकट हिरवं अंडं होतं. दूर गवतात मान उंच करून मादी उभी. ती एका वेळी एकच घालते.

साहेबही उतरले, वाकून अंडं पाहिलं. मग म्हणाले, “इथं माणूस बसवायला हवा. कुत्री-कावळे हाकायला. रोजंदारीवर.”

सुधाकर लगेच हो म्हणाला. ही वाट साहेबांच्या यादीत नव्हती.

वारा म्हणून पाहिलं, भास म्हणून पाहिलं. पण चौघांना एकच भास, तोही ‘हितं’ म्हणणारा?

पिल्लू निघालं. सुधाकर पुढं नोकरीत कायम झाला. तायप्पानं मात्र दिवाळीआधी ते बैल विकले. म्हणाला, कुणाचंबी ऐकत्यात.