उजवा वाल

सैन्यात माझ्या हुद्द्याचं कागदावरचं नाव 'रिलिजस टीचर'. त्यातला पहिला शब्द रोह्याला लागून असलेल्या आमच्या अष्टमी गावात कोणी कधी धरला नाही, दुसरा मात्र सगळ्यांना कळला. मी सुट्टीवर आलो की पुलावर भेटणारा माणूस विचारायचा, काय मास्तर, मिलिटरीत पोरं काय शिकतात? मी सांगायचो, मी पाद्री आहे, ख्रिस्ती जवानांची उपासना घेतो, दवाखान्यात आजाऱ्यांजवळ बसतो, त्यांची पत्रं लिहून देतो. ऐकणारा मान डोलवायचा आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा मास्तरच म्हणायचा.

मला याचा राग यायचा, कारण ती नोकरी मला सहज मिळाली नव्हती. वडिलांनी रोह्याच्या भातगिरणीत पोती वाहिली. मी एसटीने पेणला जाऊन बी.ए. केलं, आमच्या घराण्यातला पहिला. मग धर्मशास्त्र शिकलो. सैन्यात पाद्री व्हायला नुसती दीक्षा चालत नाही, पदवी लागते, हे मी लोकांना त्यांनी न विचारता सांगायचो. आजही सांगतो.

त्या वर्षी माझी पलटण घाटावर होती आणि लष्करी रुग्णालय जवळच होतं. रुग्णालयात मी कोणाच्याही खाटेशी बसत असे, धर्म विचारत नसे. तिथे पेणजवळच्या गडब गावचा एक जवान होता. हिंदू, भातशेतीवाल्या घरातला, तेविशीचा. सुरुंगाच्या स्फोटात एक पाय गुडघ्याखाली गेला होता. पहिले काही दिवस तो कोणाशी बोललाच नाही. एकदा शेजारच्या खाटेवरच्याशी बोलताना माझ्या तोंडून 'व्हय' निघून गेलं, तसा त्याने मान वळवली.

"साहेब, पेणचे का रोह्याचे?"

"रोह्याचा. अष्टमीचा."

"तरीच," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून माझी सुटका नव्हती.

त्याच्या घरी फक्त आई. जखमी आहे, एवढं तिला पलटणीच्या पत्राने कळलं होतं. पायाला मार लागलाय, बरा होतोय, असं त्याने पुढे स्वतःच कळवलं. खरं काय ते कोणालाही सांगणार नाही, असं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं. नकली पाय बसला, चालता आलं, की दारात उभा राहून मीच सांगेन, असं त्याचं म्हणणं. "झोपून नाय सांगायचं, साहेब." मला ते पटलं. आणि न पटतं तरी खाटेशेजारी ऐकलेलं पाद्र्याने बाहेर काढायचं नसतं. ते निघालं तर उद्या कोण आपल्याजवळ तोंड उघडेल?

मग मला पंधरा दिवसांची सुट्टी मिळाली. त्याच्या आईला भेटायला मी गडबला गेलो. तिने माझ्यापुढे लाडू ठेवले आणि सांगितलं की पोरगा नोकरीला लागून स्वतःच्या पायावर उभा राहिला, आता लग्न उरकून टाकते. जिते स्टेशनजवळच्या गावातली मुलगी बघून ठेवली होती. दोघांनी एकमेकांना गेल्या सुट्टीत पाहिलं होतं, पसंती झाली होती, आता फक्त साखरपुड्याचा दिवस धरायचा होता.  तो घरी येईपर्यंत थांबा, एवढंच मी म्हणालो. ती हसली. तुमच्या देवाला घाई नसेल, आम्हाला हाय, म्हणाली.

दोनच दिवसांनी मुलीचा बाप आमच्या दारात. जित्याहून गाडीने आला होता, खांद्यावर कडव्या वालांची पिशवी. साठीचा, काटक माणूस. बसला, पाणी प्यायला आणि सरळ मुद्द्यावर आला. पायाला मार लागलाय म्हणतात, पण तीन महिने कोणी दवाखान्यात राहतो का? गावात लोक काय काय बोलतात. तुम्ही रोज त्याच्याशेजारी बसता, असं त्याची आई म्हणाली. तेवढं सांगा.

मी त्याला समजावलं की आजाऱ्याबद्दल मला काहीही बोलता येत नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. तो आजारी कोणीही असो.

"म्हणजे काय तरी हाय."

"काका, काही नसतं तरी मी हेच म्हटलं असतं."

 त्याने पिशवीत हात घालून वालाचे दोन दाणे काढले. एक टीपॉयवर माझ्या उजव्या हाताशी ठेवला, एक डाव्या.

"आमची देवी पण बोलत नाय, पाद्री साहेब. कौल देते. फूल उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. तुम्ही तोंड उघडूच नका. पोरगा धड हाय तर उजवा दाणा उचला, नाय तर डावा."

मला त्या माणसाचं कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू. माझ्या अडचणीतून त्याने मला वाट काढून दिली होती आणि ती वाट सरळ खड्ड्यात जात होती. उजवा उचलला तर खोटं, डावा उचलला तर जवानाचा विश्वासघात. मी हात मांडीवर घट्ट धरून बसलो. भिंतीवरच्या क्रुसाकडेसुद्धा बघायची भीती वाटली, न जाणो, त्यातूनही तो काही काढेल.

तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन आली. टीपॉयवर वाल सांडलेत असं तिला वाटलं. डावीकडच्या दाण्याजवळ तिने कपबशी टेकवली, उजवीकडचा दाणा चिमटीत धरून पिशवीत टाकला आणि काका, साखर बरोबर आहे का बघा, असं म्हणून आत गेली.

म्हाताऱ्याने डोळे मिटले, पिशवीला हात लावून कपाळाला लावला.

"अहो, तो माझा कौल नव्हे," मी म्हणालो.

"कौल कोणाचा नसतोच."

 उजवा माझा नव्हे असं ठासून सांगणं म्हणजे डावा उचलणंच. इतकी पुस्तकं वाचली, प्रवचनं दिली, पण त्या क्षणी चालेल असं एक वाक्य मला सापडलं नाही. तो चहा पिऊन, समाधानाने, वाल ठेवून निघून गेला.

सुट्टी अर्धी टाकून मी परतलो. जवानाला सगळं सांगितलं. तो छताकडे बघत ऐकत होता.

"म्हणजे तुम्ही खोटं नाय बोललात आणि खरं पण नाय," तो म्हणाला. "बी.ए.ला हेच शिकवतात काय, साहेब?"

ते मला लागलं. तो त्याच दुपारी म्हणाला, कागद घ्या. मुलीच्या बापाला पत्र. जे उभा राहून सांगायचं होतं ते त्याने आडवं पडून सांगितलं आणि मी लिहिलं. पाय कुठून गेला ते लिहिताना माझं अक्षर बिघडलं, तर त्याने पुन्हा लिहायला लावलं.

उत्तर आलं ते त्याच्या आईकडून. सोयरीक मोडली, एवढंच. पाय गेला म्हणून मोडली, असं तो समजला, मीही समजलो.

पुढच्या सुट्टीत रोह्याच्या स्टेशनवर तो म्हातारा दिसला. मी चुकवून जाणार होतो, पण त्यानेच हाक मारली. रागाने बोलला नाही.

"तुम्ही सांगितलं असतं तर मी पोरगी दिली असती," तो म्हणाला. "ती पण तयार होती. पोरगा चांगला हाय, पाय नाय तर नाय. पण उजवा कौल खोटा निघाला. त्यावर लग्न कसं करायचं? देवीच नाय म्हणते, असं घरात सगळे म्हणाले."

मी म्हणालो, ती देवी नव्हती, माझी बायको होती, तिला काही माहीत नव्हतं. त्याने मान डोलवली, पुलावरचे लोक डोलवायचे तशी, आणि त्याची गाडी आली.

हे मी जवानाला कळवलं नाही. तोपर्यंत तो नकली पायावर चालत गडबला घरी गेला होता आणि त्याला नवीन काय सांगायचं होतं?

बायकोलाही सांगितलं नाही. त्या वर्षी तिने ते वाल मोड आणून केले तेव्हा मी पोट बरं नाही म्हणालो. ती अजून कधी कधी विचारते, अहो, ते जित्याचे काका पुन्हा आले नाहीत? मी म्हणतो, नाय.