सुमनची चौकशी

सुमनचं जमत आलेलं लग्न मीच मोडलं होतं. आज दोन पाहुण्यांनी माझ्या दुकानाशी थांबून शेजारच्या मुलीबद्दल विचारलं, "स्वभावाने कशी आहे हो?" सुमनच्या वेळीही, तरुणपणी, अशीच माणसं आली होती. बालमैत्रीण दुरावेल या भीतीने मी म्हणालो होतो, "चांगली आहे, पण तापट." चौकशीला आलेली माणसं परक्यावर किती सहज विश्वास टाकतात, आणि जिच्याविषयी बोलणं चालतं तिला काहीच ऐकू येत नाही.

आता या वयात आमचं दोघांचं लग्न ठरलंय. संध्याकाळी सुमनला सगळं सांगितलं.

"मी आवडत होते तर मला सांगायचंस. त्यांना काय सांगत बसलास?" ती म्हणाली. "'मुलगी तापट आहे' म्हणून आलेल्या त्या नकारानंतर मी हळू बोलायला शिकले रे."

"मी खोटं बोललो, सुमन. मला माफ कर. लग्नाचं काय ते तू ठरव."