पिवळ्या साड्यांची तारीख

घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या वस्तीत बायकांची दोन मंडळं आहेत. एक आमचं कोकणातल्या बायकांचं भजनी मंडळ आणि दुसरं वरच्या गल्लीतलं, बुद्धविहाराचं. नळावरून, लाउडस्पीकरवरून, कशावरूनही आमची जुंपायची. पण वस्तीतल्याच एका बाईने शेजारच्या मुलीला पार्लरमध्ये नोकरी लावते म्हणून पुण्याला नेलं आणि तिथे विकलं, तेव्हा आम्ही भांडणं गुंडाळून ठेवली. एका संस्थेने पोलिसांना घेऊन मुलीला सोडवून आणलं. पुढे तिच्यासोबत राहायचं काम आम्ही अंगावर घेतलं. लोक म्हणाले, नसती उठाठेव कशाला? मी म्हटलं, हौस आहे आम्हाला.

पहिल्या तारखेला मुलगी साक्ष द्यायला गेली ती कोर्टाच्या पॅसेजमधूनच परत फिरली. विकणारी बाई जामिनावर सुटली होती आणि जावा-नणंदा घेऊन बाकावर बसली होती. सगळ्या तिच्याकडे नुसत्या रोखून बघत राहिल्या. पोरगी तशीच जिना उतरली. तिने तोंड उघडलं नाही तर ती बाई सुटणार आणि पुन्हा आमच्याच गल्लीत मिरवणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

विहाराच्या अध्यक्षीणबाईंनी तोडगा काढला. "सगळ्यांनी एका रंगाच्या साड्या नेसायच्या. पोरीला लांबूनच कळलं पाहिजे, आपली माणसं कुठे बसलीत." पिवळा रंग ठरला, कारण पिवळी साडी प्रत्येकीकडे होती.

पुढची तारीख पडली नेमकी नवरात्रात, आणि पेपरात त्या दिवसाचा रंग आला पिवळा. आमच्या बायका खूश. "बरं झालं गं, एका साडीत दोन्ही कामं." विहाराच्या बायका म्हणाल्या, "नवरात्र तुमचं. आम्ही पोरीसाठी नेसतोय." पण डोकं एकीनेही चालवलं नाही.

कोर्टात पोचलो आणि माझे डोळेच पांढरे झाले. कारकून बाई पिवळी, झाडूवाली पिवळी, दुसऱ्यांच्या केससाठी आलेल्या आया-मावश्या पिवळ्या. बाकावरची ती बाई आणि तिच्या जावासुद्धा पिवळ्या. नवरात्र तिलाही होतंच ना. संस्थेच्या ताई मुलीला घेऊन आल्या तेव्हा मी गर्दीत हात हलवत राहिले. तेवढ्यात पुकारा झाला. ती बाई आत गेली, मागोमाग मुलगी गेली आणि दार लागलं. असल्या केसमध्ये इतरांना आत सोडत नाहीत.

आम्ही मुद्दाम त्या बाकासमोरच फरशीवर बसकण मारली. एक जाऊ फणकारली, "अख्खी वस्ती आणलीत वाटतं."

"अजून अर्धी यायचीय," आमच्यातली एक म्हणाली.

बऱ्याच वेळाने मुलगी बाहेर आली. ओठ सुकले होते, पण मान ताठ होती. "सगळं सांगितलं," ती म्हणाली. "तिच्याकडे बोट करून दाखवलं."

मला राहवलं नाही. "आम्ही दिसलो ना गं तुला?"

"कुठे काकी? जिकडे बघावं तिकडे पिवळंच. तुम्ही कोण नि त्या कोण, काहीच कळेना. म्हटलं, शोधत कुठे बसू? गेले आत."