साडेतीनशे रुपयांची बुरशी

गेल्या जूनच्या सात तारखेला मी, बायको आणि नर्सरीवाले अशा तिघांच्या उपस्थितीत साडेतीनशे रुपयांची बुरशी विकत घेतली. भोसरीतल्या आमच्या घराच्या जागी पूर्वी प्लेटिंगचं वर्कशॉप होतं. मातीत जस्त आणि क्रोमियम मुरलेलं. बायकोने माहेरून आणलेली जास्वंद तिथे पिवळी पडत चालली होती. ही बुरशी मुळांशी राहते आणि बराचसा धातू स्वतःत अडवून धरते, असं नर्सरीवाल्यांनी समजावलं. मी ते वहीत उतरवून घेतलं.

पुडी मुळाशी घातली. आठवड्याने, वेळापत्रकाप्रमाणे, मी सगळ्या झाडांना बुरशीनाशक पाजलं. जास्वंदीला जरा जास्तच, कारण ती आजारी होती.

पानं गळू लागली तेव्हा आम्ही पुन्हा नर्सरीत गेलो.

"साहेब, राखणदार ठेवलात आणि त्यालाच विष पाजलंत!" नर्सरीवाले म्हणाले. "शिवाय त्या औषधात तांबं असतं."

"म्हणजे आधीच धातूची माती, त्यात यांनी आणखी धातू ओतला," बायको म्हणाली. "आणि हे कंपनीत क्वालिटी बघतात!"

निघण्यापूर्वी घरी खोड खरवडून पाहिलं होतं, तेव्हा आत अजून हिरवं होतं, एवढीच आशा. दुसऱ्या पुडीचे साडेतीनशे बायकोनेच नर्सरीवाल्यांना दिले, आणि वापरायची रीतही त्यांनी तिलाच सांगितली.